पोटातील जिवाणू आणि स्मृतीचे जतन

वयोमानानुसार चष्म्याची जागा विसरणे वेगळे आणि वर्षानुवर्षे सांभाळलेला हिशेब उमगेनासा होणे वेगळे. पैशांचे व्यवहार न जमणे हे अल्झायमरचे एक आरंभीचे लक्षण असू शकते. भारतात साठीपुढील ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्तींना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. अल्झायमर हे स्मृतिभ्रंशाचे प्रमुख कारण होय.

या व्याधीचे मूळ शोधताना संशोधकांचे लक्ष आता आतड्यांकडेही वळले आहे. तेथील असंख्य जिवाणू अन्नातील तंतुमय भागापासून उपयुक्त मेदाम्ले तयार करतात व त्यांवर आतड्याचे अस्तर पोसले जाते. जिवाणूंचे संतुलन ढळल्यास अस्तर दुर्बळ होते, दाह उत्पन्न करणारी द्रव्ये रक्तात उतरतात आणि त्याचे पडसाद मेंदूतही उमटतात, असे मानले जाते.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथे २०१७ मध्ये झालेल्या अभ्यासात अल्झायमरच्या रुग्णांच्या आतड्यांत जिवाणूंचे वैविध्य कमी आढळले. २०२३ मध्ये आयर्लंडमधील कॉर्क येथे रुग्णांचे जिवाणू निरोगी उंदरांच्या आतड्यांत सोडले असता उंदरांची स्मृती क्षीण झाली. त्याच वर्षी सेंट लुईस येथे, स्मरणशक्ती शाबूत असूनही मेंदूत रोगाची चिन्हे असलेल्या व्यक्तींचे जिवाणू इतरांहून भिन्न असल्याचे दिसले.

तरीही माणसात आधी काय बिघडते, पोट की मेंदू, याचा निर्णय झालेला नाही. त्यासाठी निरोगी माणसांची दीर्घकाळ नोंद ठेवणे हाच मार्ग. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या परिसरातील मेंदू संशोधन केंद्र अशा नोंदींचे काम करीत आहे. कोलार जिल्ह्यातील श्रीनिवासपूर तालुक्यात पंचेचाळिशीपुढील दहा हजार ग्रामस्थांची स्मृतिचाचणी, रक्ततपासणी व मेंदूचे चित्रण नियमितपणे करण्याचा त्याचा संकल्प आहे.

तोवर स्मृतिवर्धक म्हणून विकल्या जाणाऱ्या जिवाणूयुक्त गोळ्यांवर विसंबू नये. भाकरी, कडधान्ये, पालेभाज्या व ताक यांचा आहार पोटास हितकर आहे. मात्र तो औषध नव्हे. प्रतिजैविके डॉक्टरांच्या सल्ल्याविना घेऊ नयेत. घरातील ज्येष्ठांच्या हिशेबात वारंवार चुका होऊ लागल्यास 'वय झाले' म्हणून दुर्लक्ष न करता तज्ज्ञांकडे जावे. बेंगळुरूच्या 'निम्हान्स'सारख्या संस्थांत अशा तपासणीची सोय आहे. वेळीच झालेल्या निदानामुळे रुग्णाला आपले निर्णय स्वतः घेण्यास अवधी मिळतो.