मालकाची सही



कामगार चळवळीतल्या माणसाने मालकाच्या इस्टेटीवर बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. मी कायदा कॉलेजात शिकलो नाही. कामगारांचे कज्जे लढता लढता शिकलो. त्यातलाच एक प्रसंग सांगतो.

ठाण्याच्या वागळे इस्टेटीत एक लहानसा लेथ-कारखाना होता. अकरा कामगार. मालक महिनाअखेरीस अकस्मात वारले. चेकवर सही चाले ती त्यांची एकट्याची. बँकेने खाते थांबवले. सात तारखेला पगार झाला नाही, पुढच्या महिन्यातही झाला नाही. यंत्रे धडधाकट, गिऱ्हाईक दारात. पण मालक कोण, या प्रश्नाला उत्तर नव्हते. घरात पत्नी, वृद्ध आई, दोन मुलगे आणि एक विवाहित मुलगी. मृत्युपत्र नाही. थोरला म्हणे, पंधरा वर्षे मी लेथवर उभा राहिलो, कारखाना माझाच.

कायदा तसे म्हणत नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे, मृत्युपत्र न करता वारलेल्या पुरुषाची स्वकष्टार्जित मिळकत मुलगे, मुली, पत्नी आणि आई यांच्यात समान वाटली जाते. म्हणजे येथे पाच हिस्से. लेथवर कोण उभा राहिला याची चौकशी कायदा करीत नाही, आणि मुलीचे लग्न झाले म्हणून तिचा वाटाही बुडत नाही. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित एकत्र मिळकतीतही तिला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. बहिणीने हक्कसोडपत्रावर मुकाट्याने सही करावी, ही आपल्याकडची रीत मला तरी कधी पटली नाही. (मुस्लीम, ख्रिस्ती आणि पारशी बांधवांचे वारसा-नियम निराळे आहेत.)

एकट्याच्या धंद्यात धनी आणि धंदा कायद्याच्या दृष्टीने एकच. भागीदारीत, १९३२ च्या कायद्याप्रमाणे, करारात उलट ठरले नसेल तर एका भागीदाराच्या मृत्यूने पेढीच विसर्जित होते. तेव्हा पेढी पुढे चालेल, मृताच्या हिश्शाचे मोल अमुक रीतीने ठरेल आणि ते इतक्या हप्त्यांत दिले जाईल, एवढा मजकूर भागीदारीपत्रात आजच घालावा. प्रायव्हेट कंपनी मात्र मरत नाही. तिचे शेअर तेवढे वारसांकडे जातात.

येथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. नॉमिनी लावला की काम झाले, असे लोक समजतात. 'कालनिर्णय'कार जयंत साळगावकर २०१३ साली निवर्तले. त्यांचे मृत्युपत्र होते. तरीही गुंतवणुकींवरच्या नॉमिनींचा हक्क किती, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १४ डिसेंबर २०२३ रोजी न्यायालयाने निर्णय दिला की, नॉमिनी हा मालक होत नाही. मालकी मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्याने ठरते.

मृत्युपत्राला स्टँप लागत नाही, नोंदणीचीही सक्ती नाही. दोन साक्षीदारांनी सह्या कराव्यात. ज्यांना काही मिळावयाचे आहे त्यांना साक्षीला न घेणे बरे. अंमल करणारा विश्वासू माणूस नेमावा. पण लेथचे पाच तुकडे करू नयेत. धंदा जाणणाऱ्याच्या हाती कारखाना द्यावा आणि बाकीच्यांना घर, विम्याची रक्कम किंवा हप्त्यांनी रोकड देऊन तोल सांभाळावा. जागा औद्योगिक विकास महामंडळाची असेल, तर ती बहुधा ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतलेली असते; तो कागद कोठे ठेवला आहे, हे घरच्यांना ठाऊक असावे.

आणि मालकहो, देणी आधी, वाटणी नंतर. दर वर्षाच्या नोकरीमागे पंधरा दिवसांच्या पगाराइतकी ग्रॅच्युइटी हेही देणेच आहे. वीस वर्षांच्या टर्नरची रक्कम किती होते, ती मांडून मृत्युपत्राजवळ ठेवा. त्या कारखान्यात हा आकडा कोणालाच ठाऊक नव्हता; हजेरीची जुनी पुस्तके काढून तो आम्ही मांडला, तेव्हा धाकटा मुलगा हबकून गेला.

पाचही वारसांच्या सह्या होईपर्यंत नऊ महिने गेले. तोवर अकरांपैकी सहाजण डोंबिवलीत दुसऱ्या कारखान्यांत लागले होते.