एकशे साठ एकरांची अडचण

रॉन डोमिंगेझ यांचा जन्म ज्या घरात झाला, त्या घराच्या जागी आज डिस्नीलँड आहे. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या अनाहाइम गावात संत्र्याच्या बागा होत्या आणि त्यांतली एक डोमिंगेझ कुटुंबाची होती. जमीन विकताना कुटुंबाने एक विनंती केली. १८९६ साली लग्नाचा अहेर म्हणून आलेलं, खजुराच्या जातीचं एक उंच झाड दारात होतं. ते तोडू नये, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. वॉल्ट डिस्नींनी शब्द पाळला. झाड मुळासकट उचलून ‘अ‍ॅडव्हेंचरलँड’मध्ये लावलं गेलं आणि ते आजही तिथे उभं आहे. १९५५ साली डिस्नीलँड सुरू झालं तेव्हा रॉन दारावर तिकिटं घेण्याच्या कामाला लागले आणि १९९४ साली कार्यकारी उपाध्यक्ष म्हणून निवृत्त झाले. तिथल्या ‘मेन स्ट्रीट’ या रस्त्यावरच्या एका खिडकीवर त्यांचं नाव रंगवलेलं आहे. त्याखाली धंदा लिहिला आहे तो संत्र्याच्या बागांच्या देखभालीचा.

त्या खिडकीखालून रोज हजारो लोक जातात. बहुतेकांची नजर समोरच्या किल्ल्यावर असते, त्यामुळे वर कुणी पाहत नाही. अशा खुणा हुडकून काढण्याचा नाद असलेली माणसं जगभर आहेत आणि त्यांच्यासाठी त्या गमती आहेत. पण सत्तर वर्षांचा हिशेब मांडून पाहिलं, तर त्यांतल्या कितीतरी खुणांचं मूळ एका अडचणीत सापडतं. एकशे साठ एकरांची जागा पुरत नव्हती. सुरुवातीला पैसाही पुरत नव्हता आणि वेळ तर नव्हताच.

डायन आणि शॅरन या आपल्या मुलींना घेऊन डिस्नी लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये जात. मुली लाकडी घोड्यांच्या चक्रावर बसत आणि बाप बाकावर बसून राही. आईबापांनाही मुलांबरोबर रमता येईल अशी जागा का नसावी, हा विचार त्या बाकावर आला, असं ते स्वतः सांगत. १९५२ साली त्यांनी बरबँकमधल्या आपल्या स्टुडिओसमोरच छोटी बाग काढायचं ठरवलं. जत्रेचा गोंगाट गावात नको म्हणून नगर परिषदेने नकार दिला. त्या नकाराचे डिस्नीप्रेमींनी आभारच मानायला हवेत, कारण त्यानंतर स्टॅनफर्ड संशोधन संस्थेच्या हॅरिसन प्राइस यांनी लोकसंख्या, हवामान आणि होऊ घातलेले महामार्ग यांचा अभ्यास करून अनाहाइमवर बोट ठेवलं.

पैसा उभा करायचा तर बँकवाल्यांना दाखवायला काहीतरी हवं होतं. सप्टेंबर १९५३ मधल्या एका शनिवार-रविवारी डिस्नींनी हर्ब रायमन या चित्रकाराला बोलावून घेतलं. डिस्नी बोलत गेले आणि रायमन रेखाटत गेले. सोमवारपर्यंत सगळ्या बागेचा नकाशा तयार झाला आणि तो घेऊन थोरले भाऊ रॉय न्यूयॉर्कला गेले. शेवटी एबीसी या दूरचित्रवाणी कंपनीने पाच लाख डॉलर घातले आणि पंचेचाळीस लाखांच्या कर्जाची हमी घेतली. त्या बदल्यात तिला बागेत सुमारे एक तृतीयांश वाटा आणि डिस्नींचा एक साप्ताहिक कार्यक्रम मिळाला. बांधकाम चालू असतानाच ऑक्टोबर १९५४ पासून तो कार्यक्रम घराघरांत दिसू लागला. बागेची जाहिरात दर आठवड्याला होत होती आणि तिचे पैसे डिस्नींना मिळत होते.

बांधकामाला मिळालं जेमतेम एक वर्ष. निवृत्त नौदल अधिकारी जो फाउलर यांनी बागेतल्या कृत्रिम नदीसाठी चर खणून त्यात पाणी सोडलं, तर रेताड जमिनीने ते शोषून घेतलं. मग चिकणमाती आणून तळ लिंपावा लागला. बागकाम बिल एव्हान्स यांच्याकडे होतं. महामार्गासाठी उपटली जाणारी झाडं त्यांनी स्वस्तात मिळवली. ‘जंगल क्रूझ’मधलं रान घनदाट दिसावं म्हणून उपटलेली संत्र्याची झाडं उलटी रोवली आणि वर आलेल्या मुळ्यांवर वेली चढवल्या. जुन्या शेतकऱ्यांची घरंही वाया गेली नाहीत, कारण कार्यालयं तिथेच थाटली गेली.

१७ जुलै १९५५ चा रविवार कुप्रसिद्ध आहे. बनावट तिकिटांमुळे गर्दी २८ हजारांवर गेली. उन्हाने ताजं डांबर मऊ पडलं आणि बायकांच्या उंच टाचा त्यात रुतल्या. नळकारागिरांच्या संपामुळे संडास आणि पिण्याचे नळ यांपैकी एकच काम वेळेत होणार होतं. डिस्नींनी संडास निवडले. शीतपेयं खपावीत म्हणून नळ बंद ठेवले, असा आरोप त्यांच्यावर झाला. या सगळ्याचं थेट प्रक्षेपण चालू होतं आणि निवेदकांमध्ये रोनाल्ड रेगनही होते. तरीही सात आठवड्यांत दहा लाख माणसं येऊन गेली.

बागेच्या सगळ्या चातुर्याचा पाया म्हणजे तिच्याभोवतीचा मातीचा बांध. बाहेरचे विजेचे खांब आणि रस्ते आतून दिसू नयेत म्हणून तो घातला गेला आणि त्याच्यावरून आगगाडी फिरवली. घराच्या परसात लहानसा रेल्वेमार्ग टाकून इंजिन चालवणाऱ्या डिस्नींना ती हवीच होती. आत शिरलं की डोळ्यांना फसवायचं काम सुरू होतं. मेन स्ट्रीटच्या घरांचा तळमजला जवळपास पुऱ्या मापाचा आहे, पण वरचे मजले क्रमाक्रमाने लहान होत जातात. किल्ल्याचे दगड खाली मोठे आणि वर बारीक आहेत. त्यामुळे जेमतेम ७७ फुटांचा किल्ला दुरून भव्य वाटतो. मापं आखणारी माणसं सिनेमाची होती आणि पडद्यामागचे देखावे उभे करताना ही कला त्यांच्या हातात बसलेली होती.

पण खरी कसोटी लागली ती साठच्या दशकात, बांधाच्या आतली जागा भरत आली तेव्हा. ‘न्यू ऑर्लिन्स स्क्वेअर’मध्ये चाच्यांचं मेणाच्या पुतळ्यांचं दालन करायचं, लोकांनी ते चालत पाहायचं, असं ठरलं होतं. तळघराचं कामही सुरू झालं होतं. एवढ्यात १९६४ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनासाठी डिस्नींच्या माणसांनी होड्यांतून प्रेक्षक नेणारी ‘इट्स अ स्मॉल वर्ल्ड’ ही सफर उभी केली. एका तासात त्या होड्या किती माणसं वाहून नेतात हे पाहिल्यावर चाच्यांचा बेतच बदलला. होड्यांचं जग त्या तळघरात मावणार नव्हतं. मग प्रचंड दालन बांधलं गेलं ते बांधाच्या पलीकडे आणि प्रेक्षकांना तिकडे न्यायचं ते आगगाडीच्या रुळांखालून. ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’मध्ये अंधारात होडी धबधब्यावरून घसरते आणि लोक किंचाळतात. त्या घसरणीचं काम होडीला रुळांखाली उतरवण्याचं आहे.

शेजारच्या ‘हाँटेड मॅन्शन’ची युक्ती तर त्याहून सरस. वाड्याचा बाहेरचा भाग १९६३ मध्येच तयार होता, पण प्रदर्शनाच्या कामामुळे दारं उघडली ती थेट ९ ऑगस्ट १९६९ रोजी. आत गेल्यावर एका बिनखिडक्यांच्या खोलीत दार बंद होतं आणि भिंती वर ताणल्यासारख्या लांबू लागतात. भिंतीवरच्या चित्रांचा खालचा, भयानक भाग उघडा पडतो. छत जागच्या जागीच असतं. खाली जात असते ती जमीन. ही खोली म्हणजे एक उद्वाहक आहे. खाली उतरलेले लोक चित्रांनी भरलेल्या बोळातून चालतात तेव्हा त्यांच्या डोक्यावरून आगगाडी गेलेली असते आणि ते बांधाबाहेर पोचलेले असतात. मेजवानीच्या दालनात नाचणारी भुतं तर एकोणिसाव्या शतकातल्या रंगभूमीच्या तंत्राने दिसतात. भल्यामोठ्या काचेत लपवलेल्या पुतळ्यांचं प्रतिबिंब पडतं, एवढंच. अडचण सोडवता सोडवता तिचीच कथा करून टाकणं, हे या माणसांचं सर्वांत मोठं कसब म्हणावं लागेल. यॉर्कशायर किंवा लुइझियानाच्या खऱ्या वाड्यात कुणाला ते सुचलं नसतं, कारण तिथे गरजच नव्हती.

वॉल्ट डिस्नींना या दोन्ही सफरी पुऱ्या झालेल्या पाहता आल्या नाहीत. १५ डिसेंबर १९६६ रोजी ते गेले आणि चाच्यांची सफर मार्च १९६७ मध्ये खुली झाली. मेन स्ट्रीटवरच्या अग्निशमन केंद्राच्या माडीवर त्यांची छोटी सदनिका होती. तिच्या खिडकीत अजून दिवा ठेवतात. न्यू ऑर्लिन्स स्क्वेअरच्या स्थानकात तारयंत्राचा कडकडाट ऐकू येतो. त्यात डिस्नींच्या उद्घाटनाच्या भाषणाचे सुरुवातीचे शब्द आहेत.

बागेतल्या मॅटरहॉर्न या कृत्रिम डोंगराच्या पोटातल्या बास्केटबॉलच्या जाळीबद्दल मात्र एक कथा उगाच पसरली आहे. १४७ फुटांच्या बांधकामाला परवानगी मिळावी म्हणून तिथे क्रीडांगण दाखवलं, असं छातीठोकपणे सांगितलं जातं. तसं काही नाही. डोंगरावर चढणारे कलाकार आणि कामगार रिकाम्या वेळात तिथे खेळत. त्या डोंगराचं खरं महत्त्व वेगळं आहे. पोलादी नळ्यांच्या रुळांवर धावणारी जगातली पहिली रोलर कोस्टर १९५९ मध्ये तिथे सुरू झाली आणि आजच्या वळणदार कोस्टर तिच्याच वंशातल्या.

बागेने जे मुद्दाम बदललं, त्याचीही नोंद घ्यायला हवी. चाच्यांच्या सफरीतला बायकांचा लिलाव पन्नासहून अधिक वर्षं हसण्यावारी नेला गेला आणि २०१८ मध्ये हटवला गेला. वंशद्वेषाच्या आरोपामुळे बदनाम झालेल्या एका जुन्या चित्रपटावरची ‘स्प्लॅश माउंटन’ बंद झाली आणि २०२४ मध्ये तिथे टियाना या कृष्णवर्णीय राजकन्येची सफर आली. हे बदल उशिरा झाले, पण झाले ते योग्यच.

मालकीच्या हद्दीबाहेरची जमीन मात्र डिस्नींना कायम सलत राहिली. शेजारी हॉटेल काढायलाही त्यांच्याकडे पैसे नव्हते. जॅक रॅदर या निर्मात्याने ते काढलं आणि डिस्नी कंपनीला ते १९८८ पर्यंत विकत घेता आलं नाही. आजूबाजूला मोटेलांची रांग लागली आणि बागेवर आलेल्या गर्दीतून पैसा मिळवला तो शेजाऱ्यांनी. फ्लोरिडात याची पुनरावृत्ती टाळायची म्हणून निनावी कंपन्यांच्या आडून सुमारे २७ हजार एकर गुपचूप घेतले गेले. ऑक्टोबर १९६५ मध्ये एका स्थानिक वर्तमानपत्राने ते फोडलं, पण तोवर बरीच खरेदी झालेली होती.

अनाहाइमला तो मार्ग नव्हता. २००१ मध्ये दुसरी बाग, ‘कॅलिफोर्निया अ‍ॅडव्हेंचर’, उभी राहिली ती जुन्या वाहनतळावर. मे २०२४ मध्ये नगर परिषदेने ‘डिस्नीलँडफॉरवर्ड’ योजनेला अंतिम मंजुरी दिली आणि कंपनीने दहा वर्षांत किमान १.९ अब्ज डॉलर गुंतवायचं कबूल केलं. योजनेचा गाभा आहे तो हाताशी असलेल्याच जमिनीच्या वापरावरचे नियम सैल करून घेण्याचा. नव्या सफरींसाठी ज्या जागांवर डोळा आहे, त्यांत आजचे वाहनतळच मोठे आहेत.