कुत्रा पाय कां चाटतो?

लासूर स्टेशनच्या आसपास कांद्याचे व कापसाचे मळे राखणारा कुत्रा हा शेतवस्तीवरील बिनपगारी गडीच होय. बैल लंगडूं लागला तर आम्ही शेतकरी लागलीच त्याचा खूर उचलून पाहतों. परंतु कुत्रा आठ आठ दिवस पंजा चाटीत बसला, तरी ‘त्याची खोडच ती’ म्हणून सोडून देतों. या खोडीच्या मुळाशीं बहुधा दुखणें असतें. म्हणून त्याविषयीं दोन शब्द लिहिण्याचें आम्ही योजिलें आहे.

बाहेरून आल्यावर कुत्र्यानें दोन-चार वेळां पंजा चाटला, तर त्यांत चिंतेचें कांहीं नाहीं. परंतु हांक मारूनहि तो चाटणें सोडीत नाहीं, रात्रीं उठून चाटतो, बोटांच्या बेचक्यांत कातडी लाल दिसते किंवा आंबूस वास येतो, तर तें दुखणें समजावें. पांढऱ्या कुत्र्याचे पंजे तांबूस होतात, तें रक्त नव्हे. लाळेंतील रंगद्रव्याचा तो डाग असतो.

प्रथम एवढेंच पाहावें कीं, चाटणें एका पायाचें आहे कीं सर्व पायांचें. एकाच पायाचें असल्यास काटा, चीर, मोडलेलें नख अथवा कुसळ यांचा संशय घ्यावा. कुसळी गवत पावसाळा सरतांना पिकतें. त्याच्या बियांचें टोंक सुईसारखें असून त्यावर उलटे केस असतात. त्यामुळें तें पुढें जातें, मागें फिरत नाहीं. बियांची लांब शेपटी दंवानें भिजली व उन्हानें सुकली कीं पीळ सोडते व घेते, आणि बीं मळसूत्राप्रमाणें आंत शिरतें. निसर्गानें ही युक्ति जमिनींत बीं रुजावें म्हणून योजिली. भोंवते मात्र कुत्र्याला! बेचक्यांत गांठ येऊन पाणी वाहूं लागल्यास कुसळ आंत असण्याचा फार संभव. टोंक दिसत असेल तर चिमट्यानें सरळ ओढावें. दिसत नसेल तर सुईनें उकरीत बसूं नये, गुरांच्या डॉक्टरांकडून काढवावें. आपल्या काळ्या मातीचा चिखलहि बेचक्यांत वाळून खड्यासारखा टणक होतो. तो कोमट पाण्यानें भिजवून सोडवावा.

सर्व पाय चाटत असल्यास कारण खाजेचें असतें. गोचीड, पिसवा, लूत, गाजरगवताचा स्पर्श, क्वचित् एखादें न मानवणारें अन्न, यांपैकीं कांहींहि असूं शकेल. गोचीड बोटांच्या बेचक्यांत दडतो. तो चिमट्यानें कातडीलगत धरून सरळ उपटावा, बोटानें चिरडूं नये. भिंतींच्या भेगांत गोचिडींचीं पिलें असतात, सबब कुत्र्याची बसण्याची जागाहि साफ केली पाहिजे. दिवसभर सांखळीला बांधलेलें जनावर कंटाळूनहि चाटतें, पण हें कारण शेवटीं धरावें.

चाटण्यानें पंजा ओला राहतो, ओलाव्यांत बुरशी व जंतु वाढतात, त्यांनीं खाज वाढते आणि कुत्रा अधिकच चाटतो. हें चक्र तोडण्यास पाय कोरडा ठेवणें हा मुख्य उपाय होय. उकळून कोमट केलेल्या अर्ध्या लिटर पाण्यांत चहाचा एक चमचा मीठ घालून पंजा पांच मिनिटें बुडवावा व फडक्यानें बेचक्यांसुद्धां पुसावा. दोन-तीन दिवसांत उतार न पडल्यास डॉक्टरांस दाखवावें.

जळकें तेल, रॉकेल किंवा पिकावर फवारण्याचें औषध कुत्र्यास कदापि चोळूं नये. लावलेलें सर्व तो चाटतो, म्हणजे तें पोटांतच जातें. माणसाच्या वेदनाशामक गोळ्याहि त्यास विषासमान आहेत. नुकत्याच फवारलेल्या कपाशींतून कुत्रा आला तर हातांत मोजे घालून त्याचे पाय आधीं धुवावे. लाळ गळूं लागली, अंग थरथरूं लागलें, तर औषधाच्या बाटलीवरील चिठ्ठी बरोबर घेऊन तांतडीनें डॉक्टरांकडे जावें.

आणखी एक गोष्ट सर्वांत महत्त्वाची. पिसाळलेल्या जनावराचा चावा बरा झाल्यावरहि कित्येकदां कुत्रा ती जुनी जागा एकसारखी चाटूं वा चावूं लागतो. पिसाळण्याचें तें आरंभींचें लक्षण असूं शकतें. आवाज बदलला, जबडा लोंबूं लागला, पाणी गिळवेना, तर काटा अडकला असेल म्हणून त्याच्या तोंडांत हात घालूं नये. मुलांना दूर करून, त्याला कोंडतां आल्यास कोंडून डॉक्टरांस कळवावें. त्याची लाळ आपल्या जखमेस लागली तरी तें चावण्यासारखेंच समजून जागा वाहत्या पाण्यानें व साबणानें पंधरा मिनिटें धुवावी व त्याच दिवशीं दवाखाना गांठावा. पोटांत चौदा सुया घेण्याच्या धास्तीनें पूर्वीं लोक टाळाटाळ करीत. त्या जुन्या लशीचें उत्पादन भारतांत २००४ च्या अखेरीस थांबलें, आतां लस दंडांतच टोंचतात. कुत्र्यास मात्र तिसऱ्या महिन्यापासून डॉक्टर सांगतील त्याप्रमाणें लस टोंचवावी व ती दरसाल चालू ठेवावी.