कंट्रोल दाबलं तरी काहीच का होत नाही?

आज भाताच्या रोपांचा किंवा गटाच्या हिशेबाचा विषय नाही. आज बोलू या आवाज कापण्या-जोडण्याच्या कामाबद्दल. आपल्यापैकी बऱ्याच जणी आता कार्यक्रमासाठी मुलाखती घेतात आणि ऑडॅसिटीवर त्या नीट करतात. अडचण कुठे येते? गावातल्या कॉम्प्युटरवर हात बसलेला असतो, आणि दुसऱ्या मशीनवर बसलं की तीच बोटं चुकतात.

आमच्याकडे काय झालं ते आधी सांगते. कर्जतच्या आतल्या बाजूच्या एका वाडीवर आम्ही एका सुईण आजीची मुलाखत घेतली होती. भर पावसाळ्यात, ओढ्याला पाणी चढलेलं असताना तिनं केलेल्या बाळंतपणाची ती गोष्ट होती. आमचा विंडोजचा कॉम्प्युटर बिघडला होता, म्हणून खोपोलीला गटातल्या ताईच्या भाचीच्या ॲपल लॅपटॉपवर काम करायला बसलो. खोकल्याचा एक तुकडा काढताना ताईच्या हातून मोठा भाग निवडला गेला आणि पुसला गेला. तिनं सवयीनं कंट्रोल आणि झेड दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. काही नाही. मशीन अडकलं असं समजून तिनं प्रोग्रॅम बंद केला. ‘बदल जतन करू का?’ असं विचारलं, तिनं ‘हो’ म्हटलं. झालं. ऑडॅसिटीत मागे जाण्याची सोय प्रोजेक्ट उघडा आहे तोवरच असते. बंद केला की ती संपते.

नशीब, मूळ रेकॉर्डिंग मोबाईलमध्ये तसंच होतं. आजी पुढच्या उन्हाळ्यात गेली. ते पुसलेलं असतं, तर परत कुणाला विचारणार होतो?

मशीन अडकलं नव्हतं. ॲपलवर कंट्रोलचं काम कमांड नावाचं बटण करतं, एवढंच.

असं का? कंट्रोल हे बटण कॉम्प्युटरच्या जुन्या काळापासून मशीनला खास हुकूम देण्यासाठी वापरात होतं. ॲपलनं १९८४ साली मॅकिंटॉश आणला, तेव्हा मेनूतल्या हुकुमांसाठी वेगळं कमांड बटण ठेवलं. त्यावर चौकोनाच्या चारी कोपऱ्यांना फास असावेत तसं चिन्ह असतं. विंडोज आणि लिनक्स कंट्रोलवरच राहिले. अक्षरं मात्र तीच: झेड म्हणजे मागे जा, एक्स म्हणजे कापून घे, सी म्हणजे नक्कल घे, व्ही म्हणजे चिकटव. ही चारही अक्षरं खालच्या ओळीत डावीकडे शेजारी शेजारी आहेत. म्हणजे अक्षर बदलायचं नाही, त्याच्या जोडीचं बटण बदलायचं.

कमांड कुठे असतं? स्पेसबारला अगदी चिकटून, विंडोजच्या कीबोर्डवर जिथे ऑल्ट असतं तिथे. ॲपलला विंडोजचा कीबोर्ड जोडला असेल, तर खिडकीचं चिन्ह असलेलं बटण कमांडचं काम करतं.

आता फरक एकेक करून पाहू. हे कागदावर लिहून मशीनच्या वर चिकटवा.

मागे जाण्यासाठी विंडोज आणि लिनक्सवर कंट्रोल-झेड, ॲपलवर कमांड-झेड. जतन करण्यासाठी कंट्रोल-एस, ॲपलवर कमांड-एस.

ऐकता ऐकता ‘इथे खोकला आहे’ अशी खूण करायची असेल, तर विंडोज आणि लिनक्सवर कंट्रोल-एम. ॲपलवर मात्र कमांड आणि पूर्णविराम. तिथे कमांड-एम दाबलंत तर खूण होत नाही, सगळी खिडकीच खाली जाऊन बसते. घाबरू नका, काम गेलेलं नसतं. खालच्या पट्टीतून ती परत वर काढा.

रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला जायला होम बटण आहे. ॲपलच्या लॅपटॉपवर ते नसतं, तिथे एफएन धरून डावा बाण दाबा. शेवटाला जायला एफएन आणि उजवा बाण.

सेटिंग उघडायला विंडोज-लिनक्सवर कंट्रोल-पी, ॲपलवर कमांड आणि स्वल्पविराम.

स्पेसबारनं वाजवणं-थांबवणं आणि आर दाबून रेकॉर्ड करणं तिन्हीकडे सारखंच.

हे सगळं पाठ करायची गरज नाही. वरचा एडिट मेनू उघडा. प्रत्येक कामाच्या नावापुढे उजवीकडे त्या मशीनचं बटण लिहिलेलं असतं. अनोळखी मशीनवर बसलात की पहिलं काम हेच. आणि बटण चाललं नाही तरी मेनूतल्या नावावर माऊसनं टिचकी मारून ते काम होतंच. आमच्या ताईनं एवढं केलं असतं तर आजीचा आवाज तिथल्या तिथे परत आला असता.

तरीही बटण चालत नसेल तर या क्रमानं बघा.

पहिलं, कीबोर्ड मराठीवर आहे का? कार्यक्रमाचं निवेदन मराठीत टाईप करून आपण तसाच ठेवतो आणि मग आर दाबलं तरी रेकॉर्डिंग सुरू होत नाही. आधी इंग्रजीवर आणा. विंडोजवर खिडकीचं बटण आणि स्पेसबार, ॲपलवर बहुधा कंट्रोल आणि स्पेसबार.

दुसरं, पी दाबून नुसतं विसाव्यावर ठेवलंय का? तसं असेल तर मेनूतली बरीच कामं फिकी दिसतात. स्पेसबार दाबून पूर्ण थांबवा.

तिसरं, कर्सर वेळेच्या आकड्यांच्या चौकटीत अडकलाय का? आवाजाच्या लाटेवर एकदा टिचकी मारा.

चौथं, एफ-१, एफ-२ दाबल्यावर पडद्याचा उजेड किंवा आवाज कमी-जास्त होतोय का? मग सोबत एफएनही धरा.

पाचवं, आधी कुणी बटणं बदलून ठेवली आहेत का? सेटिंगमध्ये कीबोर्ड किंवा शॉर्टकट्स असा भाग आहे. तिथून मूळ बटणं परत आणता येतात. आपल्या गटाची बटणं फाईल करून पेनड्राइव्हवर नेताही येतात. दुसऱ्या प्रकारच्या मशीनवर चढवलीत तर एकदा तपासून घ्या.

पेनड्राइव्हवरून आठवलं. २०२१ साली आलेल्या ३.० पासून ऑडॅसिटीचा प्रोजेक्ट एकाच फाईलमध्ये बसतो. त्याआधीच्या आवृत्तीत फाईलबरोबर डेटाचं एक फोल्डरही असायचं. नेरळहून खालापूरला नुसती फाईल नेली आणि फोल्डर मागे राहिलं, तर तिकडे आवाज निघत नाही. दोन्ही न्या.

सरकारनं २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांना कम्युनिटी रेडिओची वाट मोकळी केली. म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी २००८ पासून सुरू आहे. आपल्या भागातल्या बायांचं बोलणं आपणच जपायचं, तर मशीनची भीती बाळगून चालणार नाही.

शेवटी एकच नियम सांगते, तो सगळ्या मशीनवर चालतो. मूळ रेकॉर्डिंगला हात लावायचा नाही. आधी त्याची नक्कल काढायची, मूळ दुसऱ्या जागी ठेवायचं आणि कापाकापी नकलेवर करायची. आपण बियाणाचं भात वेगळं काढून ठेवतो ना, तसंच हे.

येते तर. नमस्कार.