अभ्यासालाही लावा आपली पंचसूत्री



मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि शिक्षण मोबाईलवर आलं. तेव्हाचे हाल आपण सगळ्यांनी पाहिले. आपल्या जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने तर गाव कोरोनामुक्त करून जून २०२१ मध्ये मुलांना पुन्हा वर्गात बसवलं.

आता शाळा भरतात, पण मोबाईलवरचा अभ्यास राहिलाच. बालभारतीच्या पुस्तकातले क्यूआर कोड दीक्षा ॲपवर उघडतात. केंद्र सरकारच्या ‘स्वयं’वर कॉलेजचे कोर्स फुकट शिकता येतात, प्रमाणपत्र हवं असेल तरच परीक्षेची फी.

मग मुलं मध्येच का सोडतात? वर्गात बाई नाव पुकारतात. मोबाईल हजेरी घेत नाही. पोरगी आठ दिवस बसली नाही तरी घरात कळत नाही. त्यात फोन एकच असला की तो आधी भावाला मिळतो. तिचा नंबर भांडी घासून झाल्यावर, डोळे मिटायला लागल्यावर.

गट टिकवायला आपण पंचसूत्री पाळतो. तीच अभ्यासाला लावा.

१. नियमित बैठक : रोज ठरलेली वेळ, ठरलेली जागा. त्या तासाला फोन तिचा. तेव्हा तिला कामाला हाक मारायची नाही.

२. नियमित बचत : रविवारी चार तास बसण्यापेक्षा रोज अर्धा तास बरा. रेंज असेल तिथे व्हिडिओ डाऊनलोड करून ठेवा, मग घरी नेट नसलं तरी चालतो.

३. कर्जव्यवहार : अडलं की मदत उसनी घ्या. शाळेतले सर, गावातली कॉलेजची मुलगी, कोणालाही विचारा. अडलेलं तसंच राहिलं की मूल अभ्यास सोडून देतं.

४. परतफेड : नुसतं बघून येत नाही. बघितलेलं तिने तुम्हाला सांगायचं, गणित स्वतः सोडवायचं.

५. लेखे : एक वही ठेवा. तारीख, काय शिकली, काय अडलं.

तुम्हाला इंग्रजी, गणित यायलाच पाहिजे असं नाही. “आज काय शिकलीस? दाखव वही,” एवढं रोज विचारलं तरी हजेरी लागते.

हे आपल्यासाठीही आहे. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून घरी राहून शिकणाऱ्यांसाठी चालतं. लग्नामुळे कोणाचं शिक्षण अर्धवट राहिलं असेल, तर जवळच्या अभ्यासकेंद्रात चौकशी करा. तिथेही हीच पाच सूत्रं कामी येतील. दोघी-तिघींनी मिळून प्रवेश घेतला तर एकमेकींना सोडू देणार नाहीत.

पुढच्या बैठकीत हप्ते झाले की दहा मिनिटं काढा. कोणाची मुलगी मोबाईलवर शिकते, तिला रोज फोन मिळतो का, हे विचारा आणि इतिवृत्तात लिहा. थकलेला हप्ता आपण महिन्यात पकडतो. थकलेला अभ्यासही तसाच पकडू.