आघातलहरी आणि लाजेचा बाजार

रेल्वेच्या डब्यात, सार्वजनिक मुताऱ्यांच्या भिंतींवर आणि जत्रेतल्या तंबूंवर गुप्तरोगांच्या हमखास इलाजाची पाटी महाराष्ट्राने पिढ्यानपिढ्या पाहिली आहे. सुशिक्षितांनी तिची टवाळी केली आणि गरजूंनी आजूबाजूला कोणी पाहत नाही ना, याची खात्री करून तिच्यावरचा पत्ता टिपून घेतला. ती पाटी आज नाहीशी झालेली नाही. तिने केवळ वेश पालटला आहे. तंबूच्या जागी वातानुकूलित दवाखाना आला आणि जडीबुटीच्या जागी यंत्र आले. गोळी नको, सुई नको, शस्त्रक्रिया नको. आठवड्यातून दोनदा थोडा वेळ पडून राहावे, यंत्रातून निघणाऱ्या आघातलहरी गेलेले पौरुष परत आणतील, असे आश्वासन देणारे हे उपचार आहेत. जुन्या पाटीला विज्ञानाचा आधार नव्हता, म्हणून तिचा निकाल लावणे सोपे होते. या नव्या उपचारामागे काही विज्ञान आहे आणि म्हणूनच त्याची चिकित्सा अधिक काळजीपूर्वक व्हावयास हवी.

आघातलहरींचा वैद्यकातील प्रवेश विमानविद्येच्या दारातून झाला. अतिवेगवान विमानावर पावसाचे थेंब आदळले म्हणजे धातूत कोणत्या लहरी उठतात, याचा अभ्यास जर्मनीतील डॉर्निये ही विमाने बनविणारी कंपनी करीत होती. या लहरी मऊ ऊतींतून फारशी इजा न करता जातात आणि कठीण वस्तूवर मात्र आपली शक्ती खर्च करतात, हा गुण मुतखड्यासाठी उपयोगी पडेल हे ध्यानात आले. १९८० च्या फेब्रुवारीत म्युनिक येथे क्रिस्तियान शॉसी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पाण्याच्या टाकीत बसविलेल्या रुग्णाच्या मूत्रपिंडातील खडा पोट न चिरता फोडला. पुढील काही वर्षांत ही पद्धत जगभर पसरली. या यशाबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. खडा फुटला की नाही, हे क्ष-किरणांच्या चित्रात सरळ दिसते.

तेथून पुढची वाट मात्र इतकी सरळ नाही. लहरींची तीव्रता पुष्कळ कमी केली, तर त्या ऊतींना मोडण्याऐवजी चेतवितात आणि नव्या सूक्ष्म रक्तवाहिन्या फुटण्यास मदत करतात, असे काही प्रयोगांत आढळले. जपानमधील संशोधकांनी २००४ मध्ये रक्तपुरवठा तुटलेल्या डुकरांच्या हृदयांवर असा प्रयोग प्रसिद्ध केला. त्याच तर्काने इस्राएलमधील हैफा येथील योराम वार्दी यांनी २०१० मध्ये २० पुरुषांवर केलेल्या उपचाराचा वृत्तांत मांडला. पुरुषाच्या इंद्रियाला ताठरता येते ती रक्ताच्या भरण्याने. मज्जातंतूंच्या टोकांतून व रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड सुटतो, स्नायू सैल पडतात, पोकळ्या रक्ताने भरतात. हा भरणाच जर रोहिण्यांच्या रोगामुळे आटला असेल, तर नव्या वाहिन्या तयार करून मूळ दोष दूर करता येईल, अशी ही कल्पना आहे. गोळी काही तासांपुरती मदत करते; हा उपचार यशस्वी झाला तर रोगाच्या मुळाशी जाईल. कल्पना म्हणून ती आकर्षक आहे, यात वाद नाही.

परंतु आकर्षक कल्पना आणि सिद्ध उपचार यांत अंतर असते. वार्दी यांच्या पहिल्या पाहणीत तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. पुढे अनेक देशांत लटक्या यंत्राशी तुलना करणाऱ्या चाचण्या झाल्या. त्यांत रुग्णाला यंत्राचा आवाज ऐकू येतो, स्पर्श जाणवतो, पण लहर पोचत नाही. काही चाचण्यांत खऱ्या यंत्राची सरशी झाली; काहींत झाली नाही. डेन्मार्कमध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या, १२६ पुरुषांवरील चाचणीत उल्लेखनीय फरक आढळला नाही. ज्या चाचण्यांत लाभ दिसला, त्यांतही तो मुख्यतः सौम्य विकार असलेल्या, रक्तपुरवठ्याचा दोष असलेल्या पुरुषांना झाला. अमेरिकेतील मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये हा उपचार प्रायोगिक समजावा, असा निर्वाळा दिला. युरोपीय संघटनेने निवडक रुग्णांपुरती त्याला वाट मोकळी ठेवली, पण आपली शिफारस दुबळ्या प्रतीची आहे हेही नमूद केले. या उपचाराला भोंदूगिरी म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु तो सिद्ध झाला असे सांगून भारी शुल्क घेणे हा त्याहून मोठा अन्याय आहे.

यात आणखी एक मेख आहे. आघातलहरींचे यंत्र म्हणून जे दाखविले जाते, ते प्रत्येक वेळी तसे असतेच असे नाही. खरी आघातलहर क्षणार्धात उसळते आणि शरीरात ठरावीक खोलीवर केंद्रित करता येते. टाचदुखी व खांदेदुखीसाठी वापरली जाणारी पुष्कळशी यंत्रे हवेच्या दाबाने आत एक गोळी आपटून दाबाची लाट निर्माण करतात. ती त्वचेपासून आत जाता जाता विरत जाते. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. बहुतेक संशोधन पहिल्या प्रकारच्या यंत्रांवर झाले आहे. दुसऱ्या प्रकारची यंत्रे स्वस्त आणि सुलभ आहेत. एकाच्या नावाने दुसरे खपविले गेले तर पलंगावर पडलेल्या रुग्णाला ते कळण्याचा मार्ग नाही. आवाज दोन्हींचा होतो.

मग बरे वाटल्याचे सांगणाऱ्या रुग्णांचे काय, असा प्रश्न उरतो. ते सगळे खोटे बोलतात, असे मानण्याचे कारण नाही. १८८९ मध्ये ब्राऊन-सेकार हा नामांकित शरीरशास्त्रज्ञ ७२ वर्षांचा होता. कुत्र्यांच्या व गिनीपिगांच्या वृषणांचा अर्क टोचून घेतल्यावर तारुण्याचा जोम परतल्याचे त्याने पॅरिसच्या विद्वत्सभेत जाहीर केले. तो लबाड नव्हता. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी त्याच्याच पद्धतीने अर्क तयार करून तपासला, तेव्हा त्यात उपयोगी पडेल इतका अंतःस्राव नसल्याचे २००२ मध्ये दिसून आले. त्याला जो जोम जाणवला तो आशेचा होता. त्याच्यानंतर व्होरोनॉफने माकडाच्या ग्रंथी श्रीमंतांच्या अंगी बसविल्या, तर अमेरिकेत ब्रिंकलीने बोकडाच्या ग्रंथींवर वैभव उभे केले. त्याचा परवाना १९३० मध्ये रद्द होईपर्यंत गिऱ्हाइके येतच राहिली. ज्या व्याधीत भीती हाच अर्धा रोग असतो, तिथे विश्वास हा अर्धा इलाज ठरतो. म्हणूनच या क्षेत्रात रुग्णाच्या समाधानापेक्षा लटक्या उपचाराशी केलेली तुलना अधिक बोलकी मानावी लागते.

तथापि, पैशाची फसवणूक हा या प्रश्नाचा लहान भाग आहे. खरा धोका वेगळाच आहे आणि तो जिवाशी संबंधित आहे. इंद्रियाच्या रोहिण्या एक ते दोन मिलिमीटर रुंदीच्या, तर हृदयाच्या रोहिण्या तीन ते चार मिलिमीटरच्या असतात. रक्तवाहिन्यांचा रोग साऱ्या शरीरात एकदमच पसरत असला, तरी अरुंद वाहिनी आधी तुंबते. छातीत कळ येण्याच्या दोन ते पाच वर्षे आधी शय्यागृहात अपयश यावे, असे पुष्कळ पुरुषांच्या बाबतीत घडते ते यामुळे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात १९८७ ते १९८९ या काळात ४० ते ७० वर्षांच्या पुरुषांची पाहणी झाली. तीत निम्म्याहून अधिक पुरुषांना कमीअधिक प्रमाणात ही तक्रार असल्याचे दिसले. संपूर्ण नपुंसकत्वाचे प्रमाण सर्वांत मिळून सुमारे १० टक्के होते. मधुमेहावर उपचार घेणाऱ्यांत ते २८ टक्के भरले. भारतात १० कोटींहून अधिक लोक मधुमेही असल्याचा अंदाज भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीने दिला. त्यांतील अनेकांना आपला रोग ठाऊकही नसतो. अशा पुरुषाच्या शरीराने दिलेली पहिली सूचना हीच असू शकते.

अशा वेळी पन्नाशीतला गृहस्थ मागच्या दाराने यंत्राच्या दवाखान्यात जातो. तिथे त्याचा रक्तदाब कोणी मोजत नाही, रक्तातील साखर व चरबी तपासत नाही, तो तंबाखू किती खातो हे विचारत नाही, रक्तदाबाच्या वा मनाच्या आजाराच्या कोणत्या गोळ्या चालू आहेत याची चौकशी करीत नाही. त्याला बारा बैठकांचा हिशेब दिला जातो. लहरींनी त्याला अपाय होत नाही. अपाय होतो तो गमावलेल्या काळाने. दारावर आलेल्या टपालवाल्याला पत्र न घेताच परत पाठवावे, तसा हा प्रकार आहे. दुसरे टोकही तितकेच घातक आहे. छातीदुखीसाठी जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी घेणाऱ्याने मित्राच्या सल्ल्याने सिल्डेनाफिल घेतले, तर रक्तदाब कोसळून प्राणावर बेतू शकते. मूळचे हृदयविकारासाठी शोधले गेलेले हे औषध १९९८ मध्ये अमेरिकेत या विकारासाठी मान्य झाले, ते अनेक कसोट्यांना उतरल्यानंतर. तेही वैद्याच्या नजरेखालीच घ्यावयाचे असते.

हे सारे ठाऊक असूनही पुरुष वैद्याकडे का जात नाही, याचे उत्तर दवाखान्यात नसून समाजात आहे. ‘नामर्द’ हा शब्द आपल्या भाषेत रोगाचे नाव म्हणून वापरला जात नाही. तो शिवी म्हणूनच येतो. वंध्यत्व आणि नपुंसकत्व या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही घराघरांत ठाऊक नसते. नवऱ्याचा दोष झाकण्यासाठी मूल न होण्याचा बोल सुनेला लावला जातो आणि तीही गप्प बसते. या मौनाविरुद्ध महाराष्ट्रात एक माणूस फार पूर्वी उभा राहिला होता. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालविले. वाचकांच्या लैंगिक शंकांना त्यात सरळ, शास्त्रीय उत्तरे मिळत. त्या उत्तरांवरूनच १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांचे वकीलपत्र घेतले, तरी निकाल विरुद्ध गेला. शंकेला उत्तर देणारा दंडास पात्र ठरला आणि भिंतीवर पाटी लावणारा निर्वेधपणे धंदा करीत राहिला, ही त्या काळाची शोकांतिका होती.

स्वतंत्र भारताने १९५४ मध्ये आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्ध औषधे व जादूटोण्याचे उपाय यांसंबंधीचा कायदा केला. ज्या व्याधींवर इलाजाची जाहिरात करता येणार नाही, त्यांच्या यादीत नपुंसकत्व आहे. त्यातील ‘औषध’ या शब्दाच्या व्याख्येत शरीराच्या कार्यावर परिणाम घडविण्यासाठी वापरावयाची, अन्नाखेरीज कोणतीही वस्तू येते. जाहिरातीच्या व्याख्येत तर प्रकाश, ध्वनी आणि धूर यांच्या साहाय्याने केलेल्या घोषणाही धरल्या आहेत. इतका दूरवर हात पोचणारा कायदा असताना त्याची अंमलबजावणी सुस्त राहिली. पण निव्वळ बंदीने भागणारे नाही. जेथे खरा सल्ला मिळत नाही तेथे खोट्याला गिऱ्हाईक मिळतेच.

यास्तव काही साध्या गोष्टी आग्रहाने व्हावयास हव्यात. मधुमेहाच्या आणि हृदयरोगाच्या वैद्यांनी हा प्रश्न स्वतःहून विचारावा. रुग्ण विचारील म्हणून वाट पाहू नये. आघातलहरी देणाऱ्याने आधी तपासणी करावी, यंत्र कोणत्या प्रकारचे आहे ते सांगावे आणि उपचार अद्याप प्रायोगिक आहे असे लिहून द्यावे. रुग्णाने रक्तदाब, साखर आणि हृदय यांची विचारपूस न करता शुल्काचा आकडा सांगणाऱ्या दवाखान्यातून उठून यावे. उद्या या लहरींची उपयुक्तता निःसंशय सिद्ध झाली, तर तिचे स्वागतच होईल. तोवर ज्या पुरुषाला ही तक्रार जाणवते, त्याने प्रथम आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडे जावे, हेच शहाणपणाचे. तिथे त्याला उच्चारावे लागणारे वाक्य अवघड आहे खरे. पण त्या एका वाक्याने त्याचा हृदयविकार वेळीच ध्यानात येऊ शकतो.