निजामी नोटांची जुनी पेटी

अमेरिकेंत सोन्याच्या तारणावर काढलेल्या जुन्या नोटा जमविणारे पुष्कळ हौशी लोक आहेत. १९३३ सालीं अध्यक्ष रूझवेल्ट यांनीं लोकांजवळील सोनें व त्यावरील नोटा सरकारांत भरण्याचा हुकूम काढला. पुढें १९६४ पर्यंत त्या बाळगणेंही बेकायदेशीर होतें. म्हणून ज्या मागें राहिल्या त्यांस आज मोठी किंमत येते. इतक्या दूरची गोष्ट काढण्याचें कारण असें कीं, याच जातीचे कागद आमच्या धाराशिव जिल्ह्यांतील जुन्या पेट्यांत अद्याप सांपडतात, आणि ते डोळ्यांदेखत नाहींसे होत आहेत.

आमचा जिल्हा निजामाच्या राज्यांत होता. पहिल्या महायुद्धांत चांदीची टंचाई पडली, तेव्हां हैदराबाद सरकारास नोटा काढण्याची मोकळीक मिळाली. १९१८ च्या कायद्यानें १० व १०० रुपयांच्या, १९१९ सालीं १ व ५ रुपयांच्या आणि १९२६ सालीं १,००० रुपयांच्या नोटा निघाल्या. त्या प्रथम विलायतेंत वॉटरलो कंपनीकडे, व नंतर नाशिकास छापल्या जात. चलनाचें नांव ‘उस्मानिया सिक्का’. ज्या राजाचें हें नांव, त्याचेंच आमच्या जिल्ह्यास २०२३ पर्यंत होतें.

लोक मात्र या चलनास ‘हाली’ म्हणत. शेजारचें बार्शी इंग्रजी मुलखांत. तेथें ‘कळदार’ चाले. सात हाली म्हणजे सहा कळदार, असा हिशेब असे. हा हिशेब मनमानी नव्हता. कळदार रुपयांत शुद्ध चांदी सुमारें १०.७ ग्रॅम, हालींत ९.१, घरांतील मुलांनीं भागाकार करून पाहावा.

नोटेवर उर्दू व इंग्रजीबरोबर मराठी, तेलुगू व कानडी अक्षरेंही आहेत. परंतु जाणता संग्राहक आधीं सही पाहतो. कांहीं नोटांवर गुलाम महंमद यांची सही आहे. हे गृहस्थ पुढें पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री व नंतर गव्हर्नर-जनरल झाले. झाहिद हुसेन यांची सही असलेल्याही नोटा आहेत. ते तेथील स्टेट बँकेचे पहिले गव्हर्नर. आणि अखेरच्या नोटांवर डॉ. मेलकोटे, म्हणजे लोकनियुक्त मंत्रिमंडळांतले अर्थमंत्री! १९४८ सालीं राज्य विलीन झालें, १९५० सालीं भारतीय रुपया आला, तरी हाली कांहीं वर्षें चालूच होती. एका पेटींत या तिन्ही सह्या एकत्र मिळाल्या, तर जिल्ह्याच्या दहा वर्षांच्या उलथापालथीचा तो अस्सल पुरावा होय.

सर्वांत विलक्षण कथा बुडालेल्या नोटांची. लंडनहून मुंबईस निघालेली ‘इजिप्त’ आगबोट २० मे १९२२ रोजीं फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ धुक्यांत एका फ्रेंच बोटीशीं आदळून बुडाली. ऐंशींहून अधिक माणसें गेलीं. बोटींत दहा लक्ष पौंडांहून अधिक किमतीचें सोनें-रुपें होतें, आणि निजामाच्या कोऱ्या नोटांचे गठ्ठेही. सुमारें चारशें फूट पाण्याखालून तें धन काढण्यास इटालियन पाणबुडे सरसावले. त्यांच्या ‘आर्तील्यो’ जहाजाचाच १९३० सालीं दुसऱ्या एका बुडीत बोटीवर सुरुंग लावतांना स्फोट झाला व कित्येक सोबती प्राणांस मुकले. तथापि दुसरें जहाज आणून १९३२ सालीं त्यांनीं सोनें वर काढलें. सोन्याबरोबर नोटाही आल्या! दहा वर्षें खाऱ्या पाण्यांत राहूनही अक्षरें वाचतां येत होतीं. पाठीमागें ही हकीकत छापून त्या स्मरणचिन्हें म्हणून विकल्या गेल्या.

समुद्रानें जें राखलें, तें आम्ही घरांत घालवितों. एका परिचिताकडे फाटक्या पोथीच्या पाठीस अशा दोन नोटा खळीनें चिकटविलेल्या आम्हीं पाहिल्या. कोणी त्यांवर इस्त्री फिरवितो, कोणी चिकटपट्टी लावतो, कोणी प्लॅस्टिकमध्यें कायमची बंद करतो. चौथा दारावर आलेल्या फेरीवाल्यास मोडींत देतो. यांतील कांहींच करूं नये. नोट घडी उलगडून, कोरड्या हातानें, आम्लरहित कागदाच्या पाकिटांत सपाट ठेवावी. पावसाळा सरला कीं पेटी एकदां उघडावी. क्रमांक, सही व ती घरांत कोणामार्फत आली हें वडीलधारी मंडळी आहेत तोंवरच विचारून वहींत टिपावें. वाटणीच्या वेळीं एकेक नोट एकेका भावास देण्याची रीत आम्हांस नापसंत आहे. पेटी एका घरीं राहावी, व यादीची नक्कल इतरांनीं न्यावी.